तपासलेली माणसं मोजून झाली, आता परत आलेली मोजा

मा. आरोग्यमंत्री, अपर मुख्य सचिव आणि आयुक्त,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन

सप्रेम नमस्कार.

दर महिन्याच्या अखेरीस प्राथमिक आरोग्य केंद्रातून असंसर्गजन्य आजारांचा जो अहवाल वर जातो, त्यातला सगळ्यात ठसठशीत आकडा तपासणीचा असतो. तीस वर्षांवरच्या इतक्या लोकांचं बीपी पाहिलं, इतक्यांची शुगर पाहिली, इतके संशयित, इतके संदर्भित. आढावा बैठकीत शाबासकी याच आकड्यावर मिळते आणि बोलणीही याच आकड्यावर बसतात. ज्याचं बीपी पहिल्या दिवशी १७० निघालं तो सहा महिन्यांनी कितीवर आहे, गोळी घेतोय की सोडली, याचाही रकाना त्याच अहवालात आहे. त्यावर मात्र कोणी बोट ठेवत नाही. मराठवाड्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो. हे पत्र त्या एका रकान्यासाठी लिहितो आहे.

कार्यक्रम नाही अशी तक्रार करायला जागा नाही. राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. १७ मे २०२३ ला केंद्राने साडेसात कोटी बीपी-शुगरच्या रुग्णांना २०२५ पर्यंत प्रमाणित उपचारांवर आणण्याचं जाहीर केलं. आशाताई घरोघरी फॉर्म भरतात, उपकेंद्राचं आयुष्मान आरोग्य मंदिर झालं, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतो, त्याच्याकडे बीपीचं मशीन आहे. आणि प्रश्न केवढा आहे तेही आता उघड आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आणि ११.४ टक्क्यांना मधुमेह आढळला. म्हणजे गावातल्या पारावर बसलेल्या तिघांत एकाला बीपी. ते शोधून काढणं आता अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते पुढचं.

हृदयविकाराचा झटका किंवा अंगावरून वारं जाणं ही घटना एका दिवसाची दिसते, पण तिची तयारी दहा-पंधरा वर्षं चाललेली असते. त्या सगळ्या काळात माणसाला काहीच होत नसतं. चक्कर नाही, छातीत दुखत नाही, रानातलं काम चालू असतं. "मला काही तरास नाही, मग गोळी कशाला?" हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं आणि त्या माणसाच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. म्हणून हा आजार ओपीडीच्या सवयीने हाताळता येत नाही. ओपीडी चालते दुखण्यावर. दुखलं की माणूस येतो, गोळी घेतो, बरा होतो, जातो. इथे ज्याला काहीच दुखत नाही त्याला आपल्याला बोलावून आणायचंय, गोळी सुरू करायचीय, आणि महिन्याच्या महिन्याला परत आणायचंय. त्याला परत आणण्याची व्यवस्था नसेल तर पहिल्या दिवशीचं मोजमाप म्हणजे नुसती वहीतली नोंद.

आधी मोजमापाबद्दलच बोलतो, कारण पहिली गळती तिथेच आहे.

सकाळी साडेदहाची ओपीडी डोळ्यांसमोर आणा. बाई दोन किलोमीटर चालत आलेली. आल्याआल्या तिला स्टुलावर बसवतात. पाठीला टेका नाही, हात खाली लोंबतोय. ब्लाउजची बाही घट्ट, ती वर सरकवली की दंडाला करकचून आवळते. तिच्याखाली मशीनचा पट्टा बांधला जातो. पट्टा एकाच मापाचा, मग दंड कसाही असो. मशीन फुगत असताना सिस्टर विचारते, "आधार कार्ड आणलंय का? मोबाइल नंबर सांगा." बाई नंबर सांगत असते आणि तेवढ्यात आकडा येतो. पाठीला टेका नसणं, हात हृदयाच्या पातळीखाली असणं, मोजताना बोलणं, दंडाला पट्टा अपुरा पडणं, यातली एकेक चूक वरचा आकडा सहज पाच-दहाने फुगवू शकते. तीन चुका एकत्र झाल्या की चांगल्या माणसाला जन्मभराची गोळी लागू शकते.

आता उलट बाजू. कोणत्याही केंद्राचं असंसर्गजन्य आजारांचं रजिस्टर मागवा आणि नुसते शेवटचे अंक वाचत जा. १२०/८०, १३०/८०, १२०/८०, ११०/७०, पुन्हा १२०/८०. डिजिटल मशीन असे आकडे देत नाही. ते १२७/८३ देतं, १३४/७९ देतं. खरोखर मोजलेल्या शंभर नोंदींत शून्याने संपणारे वरचे आकडे साधारण दहाच्या आसपास असायला हवेत. जिथे ते साठ-सत्तर आहेत तिथे काय झालंय ते सांगायची गरज नाही. कुणाला शिक्षा करा असं मी म्हणत नाही. एका परिचारिकेकडे लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, क्षयरोगाचे रुग्ण आणि पाच-सहा पोर्टल दिलीत आणि दिवसाला साठ बीपीचं लक्ष्य लावलंत, तर ती १२०/८०च लिहिणार. लक्ष्य अर्धं करा. ओपीडीबाहेर टेका असलेली एक खुर्ची, एक टेबल आणि पट्ट्याची दोन मापं द्या. पाच मिनिटं बसवून, न बोलता, दोनदा मोजा. या सगळ्याला जो खर्च येईल तो एका जाहिरात फलकापेक्षा कमी असेल. शेवटच्या अंकाची तपासणी तर फुकट आहे, जिल्हा कार्यालयात बसून संगणकावर होते.

दुसरी गोष्ट, धोका कुणाला जास्त ते ठरवण्याची.

आशाताईंच्या फॉर्ममध्ये वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि घरातला इतिहास यांना गुण आहेत. गुण चारपेक्षा जास्त आले तर त्या व्यक्तीला तपासणीला आधी बोलवायचं. कल्पना चांगली आहे. प्रत्यक्षात कमरेचा टेप नऊवारीच्या ओच्यावरून फिरतो. पुरुषांचा घेर मोजायला आशाताई संकोचते, मग अंदाजाने आकडा पडतो. आणि "चारपेक्षा कमी गुण म्हणजे सुट्टी" असा अर्थ गावात निघालाय, तो तर साफ चुकीचा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी पाहायचंच आहे. गुण फक्त रांगेत पुढे कोण हे सांगतात.

केंद्रावर आल्यानंतर पुढचं पाऊल जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या तक्त्यांचं. दक्षिण आशियासाठी वेगळा तक्ता आहे. रक्त न तपासता वापरता येतो असाही एक प्रकार आहे. वय, बाई की पुरुष, धूम्रपान, वरचं बीपी आणि उंची-वजनाचं गुणोत्तर घातलं की पुढच्या दहा वर्षांत झटका किंवा पक्षाघात येण्याची शक्यता रंगात दिसते: हिरवा, पिवळा, केशरी, लाल. डॉक्टरला नव्हे, रुग्णाला पटवायला हा कागद फार कामाचा. "तुमचं बीपी १५२ आहे" या वाक्याने काही हलत नाही. "तुमच्यासारखी शंभर माणसं घेतली तर दहा वर्षांत त्यातल्या पंधराजणांना झटका किंवा पक्षाघात येतो, आणि तंबाखू सोडून गोळी घेतली तर तुम्ही या केशरी चौकोनातून त्या पिवळ्यात येता" असं बोट ठेवून दाखवलं की माणूस कागद हातात घेऊन बघतो. मी पाहिलंय.

पण तक्ता डोळे मिटून वापरू नये, आणि आपल्याकडे तर मुळीच नाही. एक, तो चाळीसपासून सुरू होतो. हृदयविकाराच्या झटक्यावरच्या २००४ च्या इंटरहार्ट अभ्यासात ५२ देशांतले रुग्ण होते. त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षाच्या आसपास आला, बाकीच्यांना ५९ च्या आसपास. आपली माणसं सहा वर्षं आधी पडतात. अडतीस वर्षांच्या, वडील पंचेचाळिशीत गेलेल्या, शुगर असलेल्या माणसाला "तक्त्यात बसत नाही" म्हणून घरी पाठवणं हा कागदाचा दोष नाही, डोकं बाजूला ठेवल्याचा आहे. दोन, तक्त्यात धूम्रपान आहे, मिश्री नाही. गायछाप-चुना नाही, गुटखा नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो ते शाळकरी पोरंही सांगतील. मिश्रीबद्दल बंदीचा प्रश्नच नाही. तव्यावर तंबाखू भाजायचा, बारीक करायचा, दिवसातून चार-पाच वेळा हिरड्यांना लावून बसायचं. विचारलं तर बाई म्हणणार, "तंबाखू? नाही बाई, नुसती मिश्री लावते." तिच्या लेखी ते दात घासणं आहे, व्यसन नाही. चघळण्याच्या तंबाखूनेही झटक्याचा धोका वाढतो, हे इंटरहार्टच्याच आकडेवारीत दिसलं आहे. तेव्हा फॉर्ममध्ये आणि केंद्राच्या केस पेपरवर "मिश्री" हा शब्द छापून घ्या. नुसतं "तंबाखू सेवन : होय / नाही" लिहून आमच्या भागातल्या बायका सापडणार नाहीत.

बायकांचं निघालंच आहे तर जरा थांबून बोलतो. प्रत्येक आरोग्य केंद्राकडे धोका असलेल्या स्त्रियांची एक आयती यादी आहे आणि ती आपण दर वर्षी फेकून देतो. ती म्हणजे गरोदरपणात बीपी वाढलेल्या मातांची. माता-बाल संरक्षण कार्डावर नोंद असते, लाल शाईने असते, आशाताईला पाठ असते. बाळंतपण सुखरूप झालं, बाळाची लस पूर्ण झाली की ते कार्ड घरात ट्रंकेच्या तळाशी जातं. गरोदरपणात अशा तऱ्हेने बीपी चढलेल्या स्त्रीला पुढे आयुष्यात हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका जवळपास दुप्पट असतो, आणि कायमचा उच्च रक्तदाब होण्याची शक्यता त्याहूनही कितीतरी जास्त. पंचविशीतल्या बाईचं बीपी वर्षातून एकदा पाहायला तीस वर्षं पूर्ण होण्याची वाट का बघायची? गरोदरपणातली शुगर, तेच. या बायकांची वेगळी वही करा. नवं सर्वेक्षण नको, नवं पोर्टल तर अजिबात नको.

आणि दुसरी यादी आमच्या भागाची. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. समिती बसली, विधिमंडळात चर्चा झाली, नियम आले. त्या शस्त्रक्रिया झालेल्या बायका मात्र अजून तिथेच आहेत. ऐन तिशीत, कधी त्याही आधी, पिशवी काढलेली. काहींच्या बीजकोशांचंही तेच. पाळी अकाली बंद झाली की हृदयविकाराचा धोका लवकर सुरू होतो, हे वैद्यकीय पुस्तकात सरळ लिहिलेलं आहे. म्हणजे पस्तीस वर्षांच्या त्या बाईला वयाने मिळणारं संरक्षण राहिलेलं नाही, वर ती मिश्री लावते, पहाटे तीनला ट्रक भरायला उठते, आणि आशाताईच्या फॉर्ममध्ये वयाचा एक गुण घेऊन "कमी धोका" म्हणून बाजूला पडते. फॉर्ममध्ये याचा एक प्रश्न नाही. राज्याला तो घालता येईल.

आता ऊसतोडीवरच येतो, कारण "परत या" या दोन शब्दांचं काय होतं ते तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेले कोयते गाव सोडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सोलापूर-पुण्याकडे, कुणी कर्नाटकात. परत येतात मार्च-एप्रिलमध्ये, कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर. आमच्या केंद्राचं रजिस्टर याच्याशी अगदी ताल धरून चालतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उपचार घेणारे भरभरून, डिसेंबरमध्ये अर्धी पानं रिकामी. पोर्टलवर त्यांच्यापुढे शेरा पडतो "पाठपुरावा नाही". जणू त्यांनी टाळाटाळ केली.

माझ्याकडचा एक टोळीतला माणूस, पन्नाशीच्या अलीकडचा. पहिल्यांदा बीपी १७८/१०४. महिन्याभरात एका गोळीवर १४८ पर्यंत आला, दुसरी सुरू केली. निघायच्या आठवड्यात भेटायला आला तेव्हा औषध भांडारात साठा तुटपुंजा, नियम तीस दिवसांचा. तीस दिवसांच्या गोळ्या घेऊन गेला. जिथे उसाचा फड होता तिथल्या सरकारी दवाखान्यात एकदा जाऊन आला, तिथे म्हणाले, तुमची नोंद इथली नाही, आणि दिल्या त्या दहा गोळ्या. पुन्हा जायचं तर एका दिवसाचा खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत वाढणार. त्यानेच हिशेब केला आणि गोळी सोडली. फेब्रुवारीत फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, सकाळी उठला तर उजवा हात उचलेना. पुढे जे व्हायचं ते झालं. आता तो घरी आहे, चालतो पाय ओढत, आणि कोयता धरायला मुलगा जातो.

यात वैद्यकीय ज्ञानाची कमतरता कुठेच नव्हती. त्याला काय द्यायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त सहा महिन्यांच्या गोळ्या त्याच्या पिशवीत नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की बीपी ताब्यात आलेल्या रुग्णाला तीन ते सहा महिन्यांनी पाहिलं तरी चालतं. मग आटोक्यात असलेल्या ऊसतोड कामगाराला हंगामाआधी तीन महिन्यांचा साठा आणि पुढच्या तीन महिन्यांसाठी कारखान्याच्या जवळचं केंद्र ठरवून द्यायला काय हरकत आहे? साखर कारखान्यांची यादी राज्याकडे आहे, कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे, ओळखपत्रं देण्याचं काम चालू आहे. त्या ओळखपत्राला बीपी-शुगरची नोंद जोडली की "तुमची नोंद इथली नाही" हे वाक्य म्हणायला जागा राहत नाही.

इथे एक वैद्यकीय खाचखळगा सांगून ठेवतो, कारण वरून येणाऱ्या उपचारपद्धतीत तो दिसत नाही. ठरावीक क्रमाने बीपीची औषधं देण्याची पद्धत उत्तमच आहे. ॲम्लोडिपीन, मग टेल्मिसार्टन, मग क्लोरथॅलिडोन. डॉक्टरगणिक वेगळी गोळी देण्यापेक्षा हजार पटीने बरी. पण क्लोरथॅलिडोन लघवीवाटे पाणी आणि क्षार काढतं. मार्चच्या उन्हात फडात दहा तास घाम गाळणाऱ्याला ते देताना हात आखडायला हवा, निदान पाणी आणि लक्षणांबद्दल नीट सांगायला हवं. टेल्मिसार्टन मूल होण्याच्या वयातल्या बाईला विचारपूस केल्याशिवाय द्यायचं नसतं. ॲम्लोडिपीनने पाय सुजतात. हे आधी सांगितलं तर माणूस सूज दाखवायला येतो, नाही सांगितलं तर "गोळीने किडनी गेली" अशी बातमी गावभर होते आणि आणखी दहा जणांची गोळी सुटते. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या प्रशिक्षणात सादरीकरणाच्या स्लाइड कमी आणि असे अर्धा तास संभाषणाचे सराव जास्त ठेवा.

औषधांचा हिशेब एकदा जाहीरपणे मांडू. सपाटीवरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली तीस हजार लोकसंख्या. त्यात तीस वर्षांवरचे निम्मे धरा, पंधरा हजार. त्यातल्या फक्त चौथ्या हिश्शाला बीपी आहे असं धरलं, ३,७५०. त्यातले निम्मेच सरकारी दवाखान्यात आले, १,८७५. प्रत्येकाला रोज एकच गोळी. महिन्याला ५६,२५० गोळ्या झाल्या. आता कुठल्याही केंद्राच्या ई-औषधी या साठ्याच्या संगणकीय नोंदीतला ॲम्लोडिपीनचा मासिक पुरवठा काढून बघा आणि शेजारी ठेवा. मागणी मागच्या वर्षीच्या खपावर ठरते, आणि मागच्या वर्षी साठा नव्हता म्हणून खप कमी होता, म्हणून यंदाही कमी येतो. विहीर आटली म्हणून पाणी कमी उपसलं, आणि कमी उपसलं म्हणून तहान कमी असं लिहून टाकलं, तसं हे. वैद्यकीय खरेदीसाठी २०२३ मध्ये राज्याने स्वतंत्र प्राधिकरण केलं, ते योग्यच झालं. त्याने निदान बीपीची, शुगरची औषधं आणि ॲटोर्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी यांची मागणी नोंदलेल्या रुग्णसंख्येवर काढावी, मागच्या खपावर नाही.

ॲटोर्व्हास्टॅटिनचं नाव मुद्दाम घेतलं. चाळिशीपुढच्या मधुमेह्याला आणि एकदा झटका येऊन गेलेल्या माणसाला ते लागतं, यावर वाद नाही. पण आपल्या ग्रामीण केंद्रांत ते "मोठ्या डॉक्टरचं औषध" समजलं जातं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत दीड लाखांची मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. अँजिओप्लास्टी त्यात मोफत होते, गरिबाचा जीव वाचतो, मी त्याच्या विरोधात एक अक्षर बोलणार नाही. पण स्टेंट घालून घरी आलेला तोच माणूस दोन महिन्यांनी आमच्या केंद्रात डिस्चार्ज कार्ड घेऊन उभा राहतो, आणि त्यावरच्या पाच औषधांतली दोन मिळतात. बाकीची मेडिकलमधून अर्धी स्ट्रिप, तीही पगार झाला तर. प्युअर या आंतरराष्ट्रीय अभ्यासात २०११ मध्ये दिसलं होतं की गरीब देशांतल्या, म्हणजे त्या वर्गवारीत आपल्याही, हृदयविकार वा पक्षाघात झालेल्या दहापैकी आठ माणसांना सिद्ध झालेल्या औषधांपैकी एकही मिळत नव्हतं. लाखांची शस्त्रक्रिया आणि रुपयांच्या गोळ्या, यात गोळ्यांवर अडणं कुठल्या हिशेबात बसतं ते मला समजलेलं नाही. योजनेतून हृदयरोगाचा उपचार झालेल्या प्रत्येक रुग्णाचं नाव त्याच दिवशी त्याच्या गावच्या आरोग्य केंद्राला कळावं, एवढं तरी करता येईल. माहिती दोन्हीकडे तुमचीच आहे.

हे सगळं होऊ शकतं का, असा प्रश्न आढावा बैठकीत विचारला जाईलच. याच राज्यात झालेलं आहे. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आपले सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या तुकडीत होते. तिथे नवं काही शोधलं नाही. एकच ठरलेली उपचारपद्धती, तुटू न देण्याचा औषधसाठा, तपासून घेतलेली मशीन, डॉक्टरसोबत परिचारिका आणि आशा, आणि रुग्ण तारखेला आला नाही की त्याचं नाव दाखवणारी नोंद. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवर या उपक्रमाला पुरस्कारही मिळाला. म्हणजे जे कोकणातल्या वाडी-वस्तीवर जमलं ते मराठवाड्यात का नाही, याचं उत्तर आमच्या भागातल्या लोकांच्या स्वभावात शोधू नका. आणि फायदा काय, तर बीपीचा वरचा आकडा दहाने खाली आला तर हृदय आणि मेंदूच्या मोठ्या झटक्यांचा धोका सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होतो, पक्षाघाताचा पाव हिश्शाहून थोडा जास्तच. दहा अंक म्हणजे बहुतेकदा एक गोळी.

मीठ, चालणं, तेल यांवर मी लिहिलं नाही, ते विसरलो म्हणून नाही. आरोग्य शिक्षणाच्या भिंती रंगवून झाल्या आहेत. ज्वारीच्या भाकरीबरोबर ठेचा आणि वर कच्चं मीठ घेणाऱ्याला रोज पाच ग्रॅमचा हिशेब सांगून उपयोग नसतो. लोणचं एका वेळचं सोडा एवढं सांगितलं तर तो ऐकतो. हे काम आशाताई आमच्यापेक्षा छान करतात. फक्त त्यांना फॉर्ममागे मिळणारे मोजके रुपये वेळेवर द्या. आणि जमलं तर पैसे फॉर्मला न देता, वर्षभर गोळी चालू राहिलेल्या माणसाला द्या.

तर मागणी अशी. येत्या राज्यस्तरीय आढाव्यात प्रत्येक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला तपासणीचा आकडा विचारू नका. मागच्या वर्षी नोंदलेल्या बीपीच्या रुग्णांपैकी गेल्या तीन महिन्यांत किती जण परत आले आणि त्यातल्या किती जणांचं बीपी १४०/९० च्या खाली आहे, एवढे दोनच आकडे विचारा, आणि ते तालुकावार जाहीर करा. पहिल्या वेळी ते वाईट असतील. ज्याचे खरे आणि वाईट आहेत त्याला बोलू नका; ज्याचे एकदम चकचकीत आहेत त्याच्या रजिस्टरचे शेवटचे अंक तपासा. ऊसतोड कामगारांच्या तीन महिन्यांच्या गोळ्यांचं परिपत्रक मात्र आढाव्यापर्यंत थांबवू नका. मुकादमांच्या उचली वाटून होत आल्या आहेत, आणि दसऱ्यानंतर निघालेला आदेश वाचायला गावात माणसंच नसतात.

आपला विश्वासू,
प्राथमिक आरोग्य केंद्रातला एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी